काळजी वाटली तरी फोन करा

रात्रीचे अडीच. साल १९८९. सिडनीच्या नैऋत्येचं लिव्हरपूल हॉस्पिटल, आणि नाइट ड्युटीला तुम्ही. सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचं आतडं फुटलं होतं; परवा तातडीनं पोट उघडून शिवलं. त्यांच्या छातीवर नजर ठेवून तुम्ही मिनिटभर श्वास मोजता. अठ्ठावीस. बीपी ठीक, पल्स ११५. आजोबा मघापासून उगाचच पांघरूण चाचपताहेत. चार्टवर आधीच्या पाळीनं श्वासाचा रकाना कोरा सोडलाय. जगभर हाच रकाना सर्वांत जास्त कोरा राहतो, आणि पोटात पू होऊ लागला की बहुधा आधी वाढतो तो श्वासच. रक्तात आम्ल साठतं, शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून तोल राखू पाहतं. बीपी पडायची वाट बघितली तर बराच उशीर झालेला असतो.

इंटर्नला फोन लावता. तो तासाभरानं येतो, दुखत असेल म्हणतो, मॉर्फिन लिहितो. रजिस्ट्रार ऑपरेशनमध्ये, त्यांना मध्येच हाक मारायला इंटर्न कचरतो. कन्सल्टंट घरी, त्यांना तुम्ही परस्पर उठवायचं नाही. धावत येणारी एक टीम आहे खरी, पण ती हृदय बंद पडल्यावर येते.

तोवर थांबू नका. वर्षभर पुढे सरका. १९९०, तोच वॉर्ड. इथल्या अतिदक्षता विभागाचे केन हिलमन आणि सहकारी यांनी जुन्या टीमच्या जागी मेडिकल इमर्जन्सी टीम आणली आहे. कधी बोलवायचं याची यादी आहे: पल्स इतकी, बीपी इतकं, श्वास इतके. तुमचे अठ्ठावीस तिच्यात बसत नाहीत. पण आकड्यांनंतरही एक निकष आहे: पेशंटची काळजी वाटली तरी बोलवा. परवानगी कुणाचीच लागत नाही. तुम्ही फोन फिरवता. टीम येते, ऑक्सिजन, सलाईन, रक्ताचे नमुने, अँटिबायोटिक, आणि सर्जनला थेट निरोप की पोट पुन्हा उघडावं लागेल.

एवढ्यावर खूश होऊ नका, २००५मध्ये डोकावा. ऑस्ट्रेलियातल्या २३ हॉस्पिटलांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आलाय: टीम नेमल्यानं मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. त्यातच हेही नोंदलंय की निकष पुरे होऊनही टीमला बोलावलंच नाही, असे पेशंट कितीतरी.

२००९, अमेरिका, आणखी एक अभ्यास. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी मृत्यूंच्या हॉस्पिटलांत २६.९ टक्के, जास्त मृत्यूंच्या हॉस्पिटलांत २४.६, म्हणजे जवळपास सारखीच. पण गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी पहिल्या गटात १२.५ टक्के दगावले, दुसऱ्यात २१.४. हे आकडे केवळ तातडीच्या शस्त्रक्रियांचे नाहीत, पण बोट बरोबर जागी ठेवतात: बिघाड सगळीकडे होतो, प्रश्न तो ओळखून कोण किती लवकर हलतं याचा.

आता २०२४, इंग्लंड. या वेळी तुम्ही नर्स नाही, पेशंटची मुलगी. 'मार्थाज रूल' लागू झालेल्या हॉस्पिटलांत बाबांची तब्येत ढासळतेय आणि कुणी ऐकत नाही असं वाटलं, तर दुसऱ्या टीमकडून तातडीची तपासणी तुम्हीही मागू शकता, रात्री-अपरात्रीसुद्धा. फालतू फोन वाढतील अशी कुरकूर अशा सोयीमागे असतेच. वाढू देत. टीमनं येऊन 'काही नाही, झोपा निवांत' म्हणावं आणि परत जावं, या फेरीला मी तरी फुकट म्हणणार नाही.