‘सपोर्टेड नाही’ म्हणजे नेमकं काय? लिनक्स आणि क्लाउड गेमिंगचा इतिहास वाचताना

ऑगस्ट २०२० मध्ये एनव्हिडिया कंपनीने ‘जीफोर्स नाऊ’ ही आपली सेवा क्रोमबुकवर ब्राउझरमधून सुरू केली. गेम चालतो कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये, आपल्याकडे येतो फक्त त्याचा व्हिडिओ. लिनक्सवाल्यांनी अर्थातच तेच पान आपल्या क्रोममध्ये उघडून पाहिलं. उत्तर मिळालं की तुमची ऑपरेटिंग सिस्टीम सपोर्टेड नाही. मग काही जणांनी ब्राउझरची ‘यूजर एजंट’ ओळ बदलली. ब्राउझर प्रत्येक साइटला ‘मी अमुक, अमुक सिस्टीमवर चालतोय’ अशी जी ओळख सांगतो, तीच ही ओळ. तिच्यात लिनक्सच्या जागी क्रोमओएसचं नाव घातलं आणि गेम सुरू झाला. नवा ड्रायव्हर नाही, नवं सॉफ्टवेअर नाही, नुसतं नाव बदललं.

यातली खरी गंमत अशी, की क्रोमओएस स्वतःच लिनक्स कर्नलवर उभी आहे. म्हणजे एका लिनक्सने दुसऱ्या लिनक्सचं सोंग घेतलं आणि दार उघडलं.

अगदी अलीकडच्या तंत्रज्ञानाचा इतिहास संशोधनासाठी घ्यायचा विचार करत असाल, तर ‘सपोर्टेड नाही’ हे वाक्य तुम्हाला साधनांमध्ये शेकडो वेळा भेटणार आहे. बहुतेक जण ते तांत्रिक माहिती म्हणून वाचतात आणि पुढे जातात. माझं म्हणणं आहे की ते सरकारी शेऱ्यासारखं वाचावं: कोणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि त्यामुळे कोणाचा खर्च वाचला.

आधी यंत्रणा थोडक्यात. तुम्ही कळ दाबता, ती नोंद सर्व्हरकडे जाते, तिथे गेमचं पुढचं चित्र तयार होतं, ते दाबून लहान केलं जातं आणि तुमच्याकडे येऊन उलगडतं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १००० किलोमीटर अंतराला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद नुसत्या प्रवासात जातात. मुंबईहून फ्रँकफर्टचा सर्व्हर वापरायचा तर सरळ रेषेतसुद्धा साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे किमान ६५ मिलिसेकंद. जवळजवळ चार चित्रं वाटेतच. हा अडथळा खरा आहे, आणि तो विंडोज किंवा लिनक्स असा भेद करत नाही. खेळणाऱ्याच्या मशीनला दोनच कामं असतात, व्हिडिओ उलगडणं आणि कळा पाठवणं. एवढ्याशा कामासाठी ऑपरेटिंग सिस्टीम का आडवी यावी?

प्रोग्रॅम एका मशीनवर चालवायचा आणि दुसऱ्यावर पाहायचा, ही कल्पना तर युनिक्सच्या घरातलीच. एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेली एक्स विंडो सिस्टीम नेटवर्क गृहीत धरूनच बांधलेली होती. (जुनी कागदपत्रं वाचणार असाल तर एक सावधगिरी. एक्सच्या भाषेत ‘सर्व्हर’ म्हणजे तुमच्या समोरचा पडदा सांभाळणारा प्रोग्रॅम, आणि दूर चालणारा तो ‘क्लायंट’. आजच्या सवयीने वाचलंत तर सगळं उलटं समजेल.) पण एक्स पाठवत होतं ते रेखाटनाच्या सूचना, दाबलेला व्हिडिओ नव्हे. वेगवान गेमला ते पुरणारं नव्हतं.

व्हिडिओच्या वाटेने लिनक्सपर्यंत पोचलेल्या सुरुवातीच्या सेवांपैकी एक म्हणजे ब्रिटनमधली ‘स्ट्रीममायगेम’. २००७ मध्ये तिने विंडोजवरचे गेम दुसऱ्या मशीनवर खेळायची सोय दिली आणि लिनक्ससाठी प्लेयरही काढला. पुढे मार्च २००९ मध्ये स्टीव्ह पर्लमन यांनी ‘ऑनलाइव्ह’ची घोषणा केली आणि जून २०१० मध्ये अमेरिकेत ती मोठ्या गाजावाजात सुरू झाली, ती विंडोज आणि मॅकसाठी. म्हणजे छोट्या कंपनीने लिनक्स धरलं आणि मोठ्या भांडवलाच्या कंपनीने सोडलं. हा क्रम लक्षात ठेवा, कारण ‘तंत्र अजून तयार नव्हतं’ हे उत्तर इथेच बाद होतं.

ऑगस्ट २०१२ मध्ये ऑनलाइव्ह आर्थिक संकटात सापडली, कर्मचाऱ्यांना काढलं गेलं आणि मालमत्ता नव्या कंपनीकडे गेली. एप्रिल २०१५ च्या अखेरीस सेवा बंद झाली आणि पेटंट सोनीने घेतली. इतिहासकाराच्या हातात काय उरलं? बातम्या, जाहिराती, पेटंट. चालवून बघता येईल असं काहीच नाही. कॅसेट उरते, सीडी उरते, पण सर्व्हर बंद झाला की वस्तूच संपते.

इथे मला २०१३ चा एक शोधनिबंध फार मोलाचा वाटतो. तैवानमधल्या चुन-यिंग हुआंग, चेंग-सिन सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘गेमिंगएनीव्हेअर’ नावाची क्लाउड गेमिंगची खुली प्रणाली बांधली आणि तिचा सोर्स कोड सगळ्यांना दिला. विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड अशा सगळ्यांचा विचार त्यात होता. त्यांची अडचण तुमच्या-माझ्यासारखीच होती: क्लाउड गेमिंगवर संशोधन करायचं, पण ऑनलाइव्हच्या आत कोण डोकावू देणार? म्हणून त्यांनी बंद सेवा बाहेरून मोजल्या. कळ दाबल्याचा क्षण आणि पडद्यावर परिणाम दिसल्याचा क्षण यांतलं अंतर घ्यायचं, त्यातून नेटवर्कचा वाटा वेगळा काढायचा आणि उरलेला प्रक्रियेचा विलंब पाहायचा. त्यांच्या प्रणालीत तो ३४ मिलिसेकंद निघाला. ऑनलाइव्हला त्याच्या तिप्पटीहून जास्त लागत होता, स्ट्रीममायगेमला दहापटीहून जास्त.

आता असा आकडा वापरताना हात जरा आखडता घ्यावा. मोजणारे आणि स्पर्धेतल्या एका प्रणालीचे कर्ते एकच आहेत. शिवाय तुलना प्रक्रियेच्या विलंबाची आहे, खेळणाऱ्याला जाणवणाऱ्या एकूण विलंबाची नाही. तरीही आज ऑनलाइव्हच्या आतल्या वेगाबद्दल, जाहिरातीबाहेरचं, पद्धत तपासता येईल असं जे थोडं आपल्याकडे आहे, ते या बाहेरून मोजणाऱ्यांमुळे.

दरम्यान घरातल्या घरात वेगळंच घडत होतं. जुलै २०१२ मध्ये व्हॉल्व्हचे गेब न्यूवेल यांनी विंडोज ८ ला पीसी उद्योगावरचं संकट म्हटलं. १४ फेब्रुवारी २०१३ रोजी स्टीम लिनक्सवर अधिकृतपणे आलं आणि त्याच सप्टेंबरात लिनक्सवर बांधलेल्या स्टीमओएसची घोषणा झाली. पण गेम तर बहुतेक विंडोजचे! व्हॉल्व्हचा तोडगा काय, तर विंडोजचा पीसी आतल्या खोलीत ठेवा आणि गेम घरच्या नेटवर्कवरून दिवाणखान्यातल्या स्टीमओएसवर आणा. मे २०१४ मध्ये ही सोय सगळ्यांना खुली झाली. म्हणजे लिनक्सच्या बाजूने हा प्रकार चैनीचा नव्हता, नडीचा होता. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने वाईनवर आधारलेलं ‘प्रोटॉन’ आणलं, विंडोजचे कितीतरी गेम थेट लिनक्सवर चालू लागले आणि चित्र आणण्यापेक्षा गेमच आणणं सोपं झालं.

‘मूनलाइट’ची गोष्टही याच काळातली. एनव्हिडियाने गेमस्ट्रीम ही सोय स्वतःच्या शील्ड उपकरणांसाठी दिली होती. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये एका हॅकेथॉनमध्ये तिचा प्रोटोकॉल उलगडून खुला क्लायंट लिहिला. त्याचं पहिलं नाव लाइमलाइट. पुढे तो रास्पबेरी पायपासून लिनक्सच्या डेस्कटॉपपर्यंत सगळीकडे पोचला. फेब्रुवारी २०२३ पासून एनव्हिडियाने गेमस्ट्रीम आवरायला घेतलं, तोवर ‘सनशाइन’ नावाचा खुला होस्ट तयार होता, जो लिनक्सवरूनही गेम पाठवतो. मूळ कंपनीने हात काढून घेतला तरी तिचा प्रोटोकॉल बाहेरच्यांच्या कोडमध्ये जिवंत राहिला. ऑनलाइव्हच्या शेवटाशी हे ताडून पाहा.

आता गुगलचं स्टेडिया. माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण हेच. नोव्हेंबर २०१९ मध्ये १४ देशांत सुरू झालेल्या या सेवेचे सर्व्हर डेबियन लिनक्सवर चालत होते आणि ग्राफिक्ससाठी व्हल्कन होतं. क्रोम ब्राउझर असला की लिनक्सच्या डेस्कटॉपवरही ती चालायची. (भारतात ती कधीच आली नाही.) स्टेडियासाठी गेम कंपन्यांना आपले गेम लिनक्सवर आणावे लागले. साहजिकच अनेकांना आशा वाटली की या आवृत्त्या आज ना उद्या साध्या लिनक्सवरही येतील. तसं झालं नाही. जानेवारी २०२३ मध्ये स्टेडिया बंद झालं. गुगलने तिथून विकत घेतलेल्या गेमचे पैसे परत केले, पण त्या लिनक्स आवृत्त्या खेळणाऱ्यांच्या हातात कधी आल्याच नाहीत.

बंजीचा ‘डेस्टिनी २’ घ्या. स्टेडियावर तो पहिल्या दिवसापासून होता, म्हणजे लिनक्सवर चालत होता. २०२२ मध्ये व्हॉल्व्हचं स्टीम डेक आलं तेव्हा बंजीने सांगितलं की स्टीमओएसवर प्रोटॉनमधून हा गेम सपोर्टेड नाही, आणि आडवाटेने चालवायचा प्रयत्न केलात तर खात्यावर बंदी येऊ शकते. एकच गेम, एकच कर्नल. गुगलच्या खोलीतलं लिनक्स चाललं, तुमच्या हातातलं चाललं नाही. कारण फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणेशी जोडलेलं आहे. सर्व्हरवरच्या गेममध्ये खेळणाऱ्याला हातच घालता येत नाही. स्वतःच्या लिनक्सवर मात्र तो कर्नलही बदलू शकतो. तेव्हा इथे ‘सपोर्टेड नाही’चा अर्थ ‘मशीनचा मालक तुम्ही आहात, म्हणून आमचा भरवसा नाही’ असा होतो.

कंपन्यांची बाजूही नीट मांडायला हवी, नाहीतर आपण इतिहास लिहीत नसून गाऱ्हाणं लिहीत असू. लिनक्सवर व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणं ही खरोखर डोकेदुखी होती. डेस्कटॉप लिनक्सच्या क्रोममध्ये ते बराच काळ आपोआप चालू नसायचं, मग भार प्रोसेसरवर यायचा. त्यात एच.२६४ सारख्या पद्धतींवर पेटंट. २०२२ मध्ये फेडोराने कायदेशीर कारणाने आपल्या मेसा ड्रायव्हरमधून एच.२६४ आणि एच.२६५ ची हार्डवेअर मदत काढून टाकली. वापरणाऱ्याला ती बाहेरून घालावी लागली. उबुंटू, फेडोरा, आर्च, प्रत्येकाचं वेगळं. ग्राहक तक्रार घेऊन आला की कोणत्या जोडणीवर तपासायचं? ‘सपोर्टेड नाही’ म्हणजे पुष्कळदा ‘चालेलही, पण बिघडलं तर आम्हाला फोन करू नका’ एवढंच.

मग चित्र बदललं कशामुळे? मला वाटतं स्टीम डेकमुळे. कारण ते एकच यंत्र होतं: एक चिप, एक पडदा, एक सिस्टीम. ‘कोणतं लिनक्स?’ या प्रश्नाला पहिल्यांदा एकच उत्तर मिळालं. मार्च २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग स्टीम डेकवर एज ब्राउझरमधून कसं चालवायचं याच्या पायऱ्या दिल्या. एनव्हिडियाने मे २०२५ मध्ये स्टीम डेकसाठी जीफोर्स नाऊचं खास ॲप काढलं आणि जानेवारी २०२६ मध्ये उबुंटूपासून सुरुवात करत डेस्कटॉप लिनक्ससाठीच्या ॲपची घोषणा केली.

आता पुन्हा त्या यूजर एजंटच्या ओळीकडे या, कारण संशोधकाची खरी अडचण तिच्यातच आहे. गेम चालावा म्हणून ज्याने आपलं नाव क्रोमओएस सांगितलं, तो या ओळीवरून होणाऱ्या मोजणीत क्रोमओएसमध्येच गेला. घरी अहिराणी बोलणाऱ्याने प्रगणकाला ‘मराठी’ सांगितलं की आकडा मराठीचा वाढतो, तसंच. लिनक्सला ‘नाही’ म्हणायचं, त्यामुळे लिनक्सवाल्यांनी नाव लपवायचं, आणि मग आकडे दाखवायचे की लिनक्सवर मागणीच दिसत नाही. तेव्हा ‘लिनक्स वापरणारे फार थोडे होते’ असं वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी तो आकडा कुठून आला ते बघा. ब्राउझरच्या ओळखीवरून आला असेल तर तो या काळासाठी कमी धरलेला असण्याची शक्यता मोठी.

मदतीची पानंही अशीच फसवी. ‘सपोर्टेड सिस्टीम’ची यादी कंपनी गुपचूप बदलते आणि जुनी यादी मागे ठेवत नाही. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या पानाच्या वेगवेगळ्या तारखांच्या प्रती काढून शेजारी ठेवा. सोबत मूनलाइटसारख्या प्रकल्पाच्या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवा, तिथे प्रत्येक बदलाला तारीख असते. कंपनीच्या पानावर लिनक्स हे नाव कधी उगवलं आणि खुल्या कोडमध्ये ते कधीपासून चालत होतं, या दोन तारखांमधलं अंतर किती वर्षांचं आहे ते मोजा. एका चांगल्या शोधनिबंधाला तेवढी सामग्री पुरेल.