महाशीर संवर्धन

महाशीर संवर्धन : सायप्रिनिडी मत्स्यकुलातील टॉर प्रजातीच्या नदीवासी माशांचे रक्षण व पुनर्भरण. दख्खनमधील जातीचे वर्णन कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील माशांवरून केले व तिला ‘खुद्री’ हे जातिवाचक नाव दिले. मराठीत तिला खडस वा खडशी म्हणतात.

पावसाळ्यात हा मासा प्रवाहाविरुद्ध चढून खडकाळ तळावर अंडी घालतो. अंडी जड असल्याने खड्यांच्या सांदीत बसतात. धरणाने वाट अडली किंवा खडी उपसली गेली, की वीण खुंटते. उन्हाळ्यात नदीचे केवळ डोह उरतात, तेव्हा सुरुंग वा विष वापरून लहानमोठे सर्व मासे एकाच दिवशी मारता येतात. ही कृत्ये 1897 च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्याने गुन्हा ठरविली. परंतु दूरच्या डोहांवर कायद्याचा पहारा बसला नाही. महाडजवळील वाळणकोंड व वाडा तालुक्यातील तिळसे येथे तो देवस्थानांनी ठेवला. तेथील मासे देवाचे मानून कोणी मारीत नाही.

शास्त्रीय प्रयत्न 1970 च्या सुमारास लोणावळ्यास टाटा विद्युत कंपन्यांच्या वळवण तलावावर सुरू झाला. राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी पक्व मादीची अंडी हलक्या हाताने दाबून काढणे, त्यांत नराचे रेत मिसळणे व वाहत्या पाण्यात ती उबविणे ही पद्धत बसविली. तेथील बोटुकली अनेक राज्यांत पाठविली गेली. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने पूर्वी संकटग्रस्त गणलेली ही जाती 2018 च्या मूल्यमापनात अल्पचिंतेच्या वर्गात घातली.

या यशाची दुसरी बाजू कावेरीत दिसली. तेथे मदार असलेली महाशीर ही मूळची जाती. 1946 मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेला एक मासा 120 पौंडांचा होता. बाहेरून आणून सोडलेल्या खुद्रीची संख्या वाढत गेली आणि मूळ जाती घटत गेली. तिची शास्त्रीय ओळख (टॉर रेमादेवी) निश्चित झाली ती 2018 मध्ये, आणि त्याच मूल्यमापनात तिची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. नदीत आधी कोणती जाती आहे हे न पाहता बीज सोडणे हे संवर्धन नव्हे, ही गोष्ट उशिरा ध्यानात आली.

वऱ्हाडात ही सावधगिरी विशेष आवश्यक आहे. अकोला जिल्ह्यातील वाण, मोर्णा व काटेपूर्णा या नद्या पूर्णेतून तापीस मिळतात. दक्षिणेकडील वाशीमच्या पठाराचे काही पाणी मात्र पैनगंगेवाटे गोदावरीकडे जाते. एकाच प्रदेशातून उतरणारी ही दोन खोरी मत्स्यदृष्ट्या भिन्न आहेत, आणि लोणावळ्याचे बीज तर तिसऱ्याच, कृष्णेच्या खोऱ्यातील. जलाशयांत सामान्यतः कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडतात. त्याचा हेतू उत्पादन हाच असतो. मेळघाटात 1974 मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला, तो माशांसाठी नव्हे. तथापि सिपना, खापरा व खंडू यांच्या डोहांना त्यामुळे आयतेच संरक्षण मिळाले. वाण नदीही याच डोंगरांतून अकोल्याकडे उतरते.