गुळगुळीतपणाची मर्यादा

पोलाद जितकं गुळगुळीत, तितकं घर्षण कमी, असं आपल्याला वाटतं. १६९९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे गिलोम आमोंताँ यांनीही घर्षणाचं मूळ खडबडीतपणातच शोधलं होतं. पण १७२० च्या दशकात लंडनमध्ये देसाग्युलिए यांनी शिशाचे दोन गोळे कापून त्यांच्या ताज्या, सपाट बाजू एकमेकींवर दाबल्या, तर त्या घट्ट चिकटल्या!

उलगडा केला तो केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी, १९५० च्या ग्रंथात. धातू टेकतात ते फक्त बारीक उंचवट्यांच्या टोकांवर. तिथेच ते जुळतात आणि सरकताना तुटतात. झीज होते ती अशीही.

म्हणूनच इंजिनाच्या सिलिंडरला आरशासारखी झिलई देत नाहीत. होनिंग करून आत तिरके, बारीक चरे मुद्दाम ठेवतात. त्या चऱ्यांत तेल टिकतं आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटत नाहीत.