शिदोरी, आळणी आणि फिरता पाळणा



उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या गटात एक प्रश्न हमखास निघतो. मुलांना खोपोलीच्या पार्कात जायचंय. चौफुल्यावरून पहाटे गाडी निघणार, रात्री परत येणार. पण घरात किडनीचं दुखणं असलेलं माणूस आहे. त्यांना न्यायचं की घरी ठेवायचं? न्यायचं तर दिवसभर ते खाणार काय? बहुतेक घरांत याचं उत्तर ठरलेलं असतं: "तुम्ही जा, मी घर सांभाळते." हे वाक्य बहुतेक वेळा बाईच्याच तोंडी येतं. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आहेत आणि किडनी मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. तेव्हा आपलं पथ्य आणि आपली हौस या दोन्ही गोष्टी बाजूला सारायची सवय आपल्याला आधीपासूनच आहे. म्हणून आज आम्ही जरा मागे जाऊन बघणार आहोत की प्रवास आणि पथ्य यांचं इतकं वाकडं कधीपासून आलं.

आपल्या आज्या-पणज्या घराबाहेर पडत त्या शिदोरी बांधूनच. दशम्या, धपाटे, भाकरी, लसणाची चटणी, कांदा. दशमीची कणीक दुधात भिजवायची, कारण ती दोन-तीन दिवस टिकते. वारीला जा, जेजुरीला जा, नाहीतर आपल्या केडगावच्या बेटावर दत्तदर्शनाला या, फडक्यातलं खाणं सोबत असायचंच. 1858 साली पुण्याहून पुढे दौंडच्या दिशेनं आगगाडी सुरू झाली आणि ती आपल्या शिवारातून धावू लागली. प्रवास दिवसांवरून तासांवर आला, पण डब्यात बसल्यावर पहिली सुटायची ती शिदोरीच. कुणी कुणाच्या हातचं खायचं यावर जातीपातीचे निर्बंध होते, हेही त्यामागचं एक कारण होतं. ते झाकायचं कारण नाही. पण त्यामुळे एक गोष्ट पक्की रुजली. बाहेर पडलेला माणूस आपलं खाणं सोबत नेणार, हे सगळ्यांनाच मान्य होतं.

याच 1858 साली पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. त्यांचं बालपण आई-वडिलांबरोबर तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत आणि ऐकणारे जे देतील त्यावर गुजराण करत पायी फिरण्यात गेलं. पुढे 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या, 1886 साली अमेरिकेला. इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी शाकाहार सोडला नाही. ज्या देशात जेवण म्हणजे मांस हे गृहीत धरलेलं, तिथे ही एकटी बाई आपल्या ताटात काय येणार हे स्वतः ठरवत राहिली. तिचं कारण दुखण्याचं नव्हतं, तत्त्वाचं होतं. पण पाहुणी म्हणून गेल्यावरही 'मला हे चालतं, हे चालत नाही' असं शांतपणे सांगता येतं, हा धडा आपल्याला उपयोगी आहे. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी इथे, केडगावात, उपाशी बायका-मुलींना आणलं आणि मुक्ती मिशन उभं राहिलं. शेकडो जणींच्या जेवणाची सोय जिथे झाली, त्या गावात बसून आम्ही हे बोलतोय.

साधारण त्याच वर्षांत अमेरिकेत एक नवी गोष्ट जन्माला आली. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरनं 264 फूट उंच लोखंडी पाळणा उभा केला. 1895 साली न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला सी लायन पार्क निघालं. त्याला कुंपण होतं, आणि आत जायला तिकीट. आपल्या जत्रेतही पाळणा असतो, रेवडी असते, गोडी शेव असते. पण जत्रेला दार नसतं. आपण येतो, झाडाखाली बसतो, डबा उघडतो. कुंपण आल्यावर मात्र आतलं खाणं हा मालकाचा धंदा झाला. 1955 साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. आपल्याकडे 1984 साली दिल्लीत अप्पू घर, 1989 साली मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड, आणि 2013 साली खोपोलीजवळ इमॅजिका. म्हणजे 'दारातून आत गेल्यावर तिथलंच विकत घेऊन खायचं' ही रीत आपल्याकडे जेमतेम एका पिढीची आहे.

आता दुसरा धागा, किडनीच्या पथ्याचा. 1827 साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातले डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी अंगावरची सूज आणि बिघडलेली किडनी यांचा संबंध दाखवून दिला. लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायची. ती अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखी गोठली तर तिच्यातून प्रथिनं जातायत असं समजायचं. रोग कळला, पण पुढची शंभर वर्षं औषध असं नव्हतंच.

1939 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर या जर्मनीतून आलेल्या डॉक्टरांनी किडनीच्या आणि फार वाढलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांना चक्क भातावर ठेवायला सुरुवात केली. भात, फळं, साखर, मीठ नाही. हे जेवण रोज रोज खाववत नसे, पण कित्येकांची सूज उतरली आणि रक्तदाब खाली आला. त्या डरहॅम गावात रुग्ण मुक्कामाला राहात आणि खास त्यांच्यासाठीच्या 'राइस हाउस'मध्ये एकत्र जेवत. दवाखान्याबाहेर, चारचौघांत बसून पथ्याचं जेवण मिळण्याची ती एक जुनी सोय. त्या जेवणाला आपल्याकडे फार जुना शब्द आहे: आळणी.

1943 साली हॉलंडमध्ये, ऐन महायुद्धात, विलेम कोल्फ यांनी लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर सॉसेजच्या वेष्टनाची नळी गुंडाळून रक्त धुण्याचं यंत्र बनवलं. 1945 साली त्या यंत्रावर वाचलेली पहिली रुग्ण 67 वर्षांची एक बाई होती. 1960 साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची नळी बसवण्याची युक्ती काढली, आणि डायलिसिस वर्षानुवर्षं करता येऊ लागलं. आपल्या देशात जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिसची सोय करणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2016 साली आला.

इथे पथ्याची वाट फुटली, आणि घराघरांत गोंधळ होतो तो इथेच. इटलीतल्या डॉक्टरांनी 1963-64 च्या सुमारास दाखवलं की डायलिसिस नसलेल्या रुग्णानं प्रथिनं मोजून कमी खाल्ली तर त्रास कमी होतो. पण डायलिसिस सुरू झालं की प्रथिनं रक्तासोबत धुतली जातात, म्हणून तिथे ती जास्त लागतात. शेजारच्या काकांचं पथ्य आपल्या सासूबाईंना चालेलच असं नाही. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना चार गोष्टी विचारून घ्यायच्या: मीठ किती, पाणी किती, पोटॅशियम किती, प्रथिनं किती. आणि डायलिसिसचा दिवस सहलीसाठी चुकवायचा नाही.

आता हे दोन्ही धागे एकत्र बांधू. जुनी शिदोरी जशीच्या तशी चालणार नाही. ती टिकायची ती मिठावर: लोणचं, ठेचा, खारवलेली मिरची. निरोगी माणसालाही दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभरही नाही, इतकंच मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा शिदोरी न्यायची, पण आळणीच्या वळणाची. बिनमिठाच्या कणकेच्या पोळ्या. दुधी किंवा कोबी बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून केलेली भाजी; उकळल्यावर भाजीतलं बरंच पोटॅशियम पाण्यात उतरतं. चवीला मोहरी, जिरं, लसूण, लिंबाचे चार थेंब. मधल्या वेळेला सफरचंदाच्या फोडी, बिनमिठाचे चुरमुरे. सोबत मधुमेह असेल तर साखर कमी झाल्यावर संत्र्याचा रस नको, त्यात पोटॅशियम असतं. पर्समध्ये साखरेची पुडी ठेवावी.

तिकीट काढण्याआधी पार्काला फोन करावा. बाहेरचं खाणं आत नेऊ न देण्याचा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. "आजारी माणसाचा पथ्याचा डबा आहे, डॉक्टरांची चिठ्ठी आहे, चालेल ना?" असं विचारावं, आणि 'हो' म्हणणाऱ्याचं नाव लिहून घ्यावं. अमेरिकेतल्या डिस्नेच्या उद्यानांत तर स्वतःपुरतं खाणं कुणालाही आत नेता येतं. यात मिंधेपणाचं काही नाही.

डबा नेता आलाच नाही, तर आतल्या हॉटेलात साधा पांढरा भात मागावा, आणि तो मीठ घालून शिजवलाय का ते विचारावं. पापड, लोणचं, सॉस, सूप, फरसाण, चीज, गडद रंगाचं कोला पेय यांना हात लावू नये. 'उपवासाची थाळी' हलकी वाटते. पण साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा आणि शेंगदाणे असतात, म्हणजे पोटॅशियम आलंच. सैंधव हेही मीठच आहे. 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं, ते या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शहाळं उन्हात गार वाटतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर. पाणी मोजायला सांगितलं असेल तर खुणा केलेली बाटली न्यावी आणि बर्फाचे खडेही त्यात धरावेत. ज्यांना पाणी कमी करायला सांगितलेलं नाही, त्यांनी उन्हात आपल्या मनानं ते तोडू नये.

एक फळ मात्र पूर्ण वर्ज्य: कमरख. आडवं कापलं की चांदणीसारखं दिसतं, गाड्यांवर मीठ-तिखट लावून विकतात. किडनी बिघडलेल्या माणसाला त्यातल्या विषारी द्रव्यानं न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, जीवही गेलेले आहेत. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2013 साली ते द्रव्य वेगळं करून दाखवलं. मुलांनी हौसेनं आजीला फोड भरवू नये, म्हणून हे त्यांनाही सांगून ठेवा.

कुंपण आणि तिकीट ही सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. शिदोरी त्याहून कितीतरी जुनी. किडनीचं पथ्य असलेलं माणूस पाळण्यात बसलं नाही तरी सावलीत बसून नातवंडांना हात करू शकतं, आणि दुपारी सगळ्यांबरोबर आपला डबा उघडू शकतं. यंदा गाडीच्या सीटा मोजताना ती एक सीट धरूनच मोजा.