करवसुली व करदात्याचे हक्क (भारतीय प्राप्तिकर)
थकीत प्राप्तिकराच्या वसुलीत करदात्याला मिळणारे कायदेशीर संरक्षण. येथील कलमे १९६१ च्या अधिनियमातील आहेत. वसुलीचा पाया म्हणजे कलम १५६ ची मागणी नोटीस. भरण्यास सहसा ३० दिवस मिळतात, पुढे दरमहा १ टक्का व्याज चढते. आकडा अमान्य असल्यास अपील करता येते, पण नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही. बँक खात्यावर टाच आली की मगच अनेकांना हे उमगते. वसुली थांबवण्यासाठी कलम २२०(६) खाली स्थगितीचा वेगळा अर्ज करावा लागतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१७ च्या ज्ञापनानुसार वादग्रस्त रकमेच्या २० टक्के भरल्यावर स्थगिती साधारणपणे मिळते. हप्तेही मागता येतात. परताव्यातून जुनी बाकी वळती करण्यापूर्वी लेखी कळवणे बंधनकारक आहे (कलम २४५).