डांबरी रस्ते व बहुवारिके

रस्त्याच्या बंधनद्रव्यात रबर, प्लॅस्टिक यांसारखी बहुवारिके मिसळून त्याचा टिकाऊपणा वाढविण्याची पद्धती. बोलीत ज्याला डांबर म्हणतात ते वस्तुतः खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनानंतर उरणारे बिट्युमेन होय. ते सु. ५०° से.ला मऊ होऊ लागते. मराठवाड्यात मे महिन्यात हवाच ४०° से.च्या वर जाते, काळा पृष्ठभाग तर त्याहून पुष्कळ तापतो. त्यामुळे जड वाहनांखाली चाकोऱ्या पडतात. पावसाळ्यात बिट्युमेन व खडी यांच्यामध्ये पाणी शिरून खडी सुटते.

यूरोपात १९७० नंतर प्रचारात आलेले स्टायरीन–ब्युटाडाइन–स्टायरीन हे बहुवारिक गुणकारी, पण महाग आहे. टाकाऊ प्लॅस्टिकचा स्वस्त मार्ग मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी दाखविला. महाविद्यालयाच्या आवारात २००२ मध्ये त्यांनी असा रस्ता केला. सु. १६५° से.पर्यंत तापविलेल्या खडीवर पिशव्यांचे बारीक तुकडे टाकले असता ते वितळून खडीवर पातळ लेप बसतो. मग बिट्युमेन मिसळतात. लेपामुळे पाण्याला वाव राहत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये या पद्धतीची मार्गदर्शिका काढली. तीत बिट्युमेनच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के प्लॅस्टिक सांगितले असून पॉलिव्हिनिल क्लोराइड वर्ज्य ठरविले आहे, कारण ते तापल्यास घातक हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो.

पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांभोवती ५० किमी.पर्यंत केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१५ मध्ये ही पद्धती अनिवार्य केली. सु. पावणेबारा लाख वस्तीचे (२०११) औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, या कक्षेत येते. तेथेच फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी शहराचा कचरा टाकणे बंद पाडले. रस्त्यारस्त्यांवर ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिटा येथे हिंसाचार झाला. रस्त्यासाठी लागणारे प्लॅस्टिक त्या ढिगांतच होते. मात्र ओल्या कचऱ्यात माखलेले प्लॅस्टिक या कामी चालत नाही; ते कोरडे, स्वच्छ व निवडलेले लागते. म्हणजे रस्त्याची सुरुवात घरातील दुसऱ्या डब्यापासून होते.

पद्धतीची मर्यादाही या भागात ठळक दिसते. येथील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. वरच्या थरातील बहुवारिक तिला आवरू शकत नाही. त्यासाठी मुरमाचा पुरेसा थर व रस्त्याकडेच्या पाण्याचा निचरा हेच उपाय योजावे लागतात.