कोकणातील विंचूदंश आणि वैद्य-रुग्णांचा ऋणानुबंध

रत्नागिरी जिल्ह्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांस विंचवाची ओळख करून देण्याचे कारण नाही. जांभ्याच्या गडग्यातील फटी, पडवीतील सरपण, पेंढ्याची उडवी, कौलांखालचा पोटमाळा ही त्याची नित्याची वसतिस्थाने. नाथमहाराजांनी भारुडात विंचवास रूपक केले. परंतु कोकणातील तांबड्या विंचवाचा दंश हे रूपक नव्हे. सायंकाळी अंगणात खेळणारे मूल दुसऱ्या दिवसाचा सूर्य पाहू शकले नाही, असे दुःख आमच्या मागील पिढ्यांतील अनेक घरांनी सोसले आहे.

त्या काळी दंश होताच प्रथम धाव मांत्रिकाकडे घेतली जाई. त्यास केवळ अज्ञान म्हणून हिणवणे आम्हांस योग्य वाटत नाही. पुष्कळांच्या बाबतीत विष दंशाच्या जागीच वेदना करून शमते. त्यामुळे उतारा पडल्याचे श्रेय मंत्रास मिळे. शिवाय मांत्रिक हाकेच्या अंतरावर होता आणि रुग्णाजवळ बसत होता. डॉक्टर मात्र कोसावर होता, आणि भेटला तरी त्याजपाशी निश्चित उपाय नव्हता.

तांबड्या विंचवाचे विष अंगात भिनले म्हणजे मज्जातंतूंचा क्षोभ होतो. ओकाऱ्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी साचून रुग्ण गुदमरतो. फुफ्फुसांच्या या विकाराकडे डॉ. मुंडले यांनी 1961 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून वैद्यकजगताचे लक्ष वेधले. तथापि त्यावर रामबाण उपाय सापडावयास आणखी पाव शतक जावे लागले.

1976 साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्य रुजू झाले. मराठवाड्यातील देहेड या खेड्यात जन्मलेल्या या गृहस्थास कोकण परके होते. कशेडीचा घाट उतरला की आपला खेड तालुका लागतो. म्हणजे घाटाच्या अलीकडे व पलीकडे दुःख एकच. मोठ्या इस्पितळाची साधने जवळ नसता त्यांनी एक गोष्ट केली. रुग्णाच्या उशाशी बसून ते नाडी, रक्तदाब, श्वास व घाम यांची नोंद ठेवू लागले. ही निरीक्षणे 1982 साली ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यानंतर उच्च रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी या विषबाधेत गुणकारी ठरते, असे त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी 1986 साली त्याच नियतकालिकातून दाखवून दिले. गंभीर दंशात पूर्वी शंभरांतील सुमारे चाळीस रुग्ण दगावत. या उपचाराने ते प्रमाण एकाच्या आसपास आले, असे त्यांच्या नोंदी सांगतात. 2022 साली त्यांस पद्मश्री प्राप्त झाली.

आमच्या जिल्ह्यानेही या कार्यात आपला वाटा उचलला. चिपळूणचे डॉ. नातू व त्यांचे सहकारी यांनी विंचवाच्या प्रतिविषाचे अनुभव 2006 व 2010 साली शास्त्रीय नियतकालिकांतून मांडले. महाड येथे 70 रुग्णांवर झालेली तुलना 2011 साली प्रसिद्ध झाली. प्रतिविष व प्राझोसिन ही दोन्ही दिल्यास केवळ प्राझोसिनपेक्षा रुग्ण लवकर बरा होतो, असे तीत आढळून आले.

या इतिहासातून आम्ही काय घ्यावे? वैद्याने रुग्णाजवळ बसणे ही केवळ भूतदया नव्हे. तो ज्ञानाचा मार्ग आहे. जो बसला नसता, त्यास ही लक्षणे क्रमाने दिसली नसती. रुग्णाने आपले शरीर विश्वासाने स्वाधीन केले, वैद्याने आपली झोप दिली, आणि या देवघेवीतून निघालेले औषध पुढे अनोळखी घरांतील मुलांच्या कामी आले. दुसरे असे की, गोळी जितकी लवकर पोटात जाईल तितका गुण अधिक. आणि लवकर दवाखान्यात येण्यास विश्वास लागतो. तो विश्वास पाटी लावून मिळत नाही. मांत्रिकाने जवळ बसून जे मिळविले होते, तेच शास्त्रज्ञ वैद्यास जवळ बसूनच मिळवावे लागले.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची दुहेरी विनंती आहे. विंचू डसताच, विशेषतः लहान मुलास, उतारा पडण्याची वाट न पाहता सरळ दवाखाना गाठावा. वेदना थोडी भासली तरी ओकारी व घाम यांकडे दुर्लक्ष करू नये. आणि आपल्यांतील जी मुलेमुली आज वैद्यकाचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी निदान काही वर्षे आपल्या तालुक्यास द्यावीत. तेथे धन कदाचित बेताचे मिळेल. परंतु ज्याच्या उशाशी रात्र काढली ते मूल सकाळी पेज मागते, तेव्हा लाभणारे समाधान दुसऱ्या कोणत्याही मोलाने मिळणारे नाही.